अळणी आठवडा

सोमवारी सकाळी मी इस्त्रीचा सलवार-कमीज घालून, केस घट्ट बांधून विभागाच्या दारात उभी होते, आणि माझ्या मार्गदर्शक बाई फोन कानाला लावून समोरून येत होत्या. त्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि नजर वळवली. बाहेरून येणारे परीक्षक आजारी पडले होते. माझी शेवटची तोंडी परीक्षा आठ दिवसांनी पुढे गेली, पुढच्या सोमवारी.

"आराम कर," बाई म्हणाल्या. "दोन वर्षांत तू दोहा पाहिलं तरी आहेस का? फिर जरा. काहीतरी चांगलं खा."

त्या मनापासून बोलत होत्या. इथल्या विद्यापीठाने मला शिष्यवृत्ती दिली, खोली दिली, आणि या बाईंनी माझं मोडकंतोडकं इंग्रजी पहिल्या दिवसापासून न हसता ऐकून घेतलं. त्यांना नाही म्हणणं मला कधीच जमलं नाही. मी "हो" म्हटलं आणि खाली येऊन बाकावर बसून राहिले. प्रबंध छापून झाला होता, प्रयोगशाळेची किल्ली परत दिली होती. दोन वर्षांत पहिल्यांदाच हाताला काही काम नव्हतं. हात मांडीवर ठेवले तरी ते तिथे राहत नव्हते.

माझा विषय समुद्राच्या पाण्याचा होता. कतारला नदी नाही. नळाला जे पाणी येतं ते समुद्राचंच, मीठ काढून टाकलेलं. हे काम पातळ पडद्यांतून पाणी दाबून होतं, आणि तळहाताएवढ्या एका नव्या पडद्यातून ते कमी विजेत होईल का, एवढंच मी तपासत होते. घरी आई पुन्हा पुन्हा विचारायची, "तू तिथं नेमकं काय करायलीस?" घराण्यात कॉलेजची पायरी चढलेली मी पहिली. तिला पडदा, दाब, वीज सांगून काय उपयोग, म्हणून मी एकदा सांगून टाकलं, "समुद्राच्या पाण्यातलं मीठ काढायलेय, आई."

"सगळं निघतं?"

"जवळजवळ सगळं."

हे तिला पटलं. आमच्या गावातल्या जिल्हा परिषदेच्या शाळेत ती दुपारची खिचडी शिजवते. मी त्याच शाळेत शिकले, तिच्याच हातची खिचडी रांगेत बसून खाल्ली. कुणी बोलू नये म्हणून ती मला इतरांपेक्षा अर्धा डाव कमीच वाढायची. त्या शाळेच्या गुरुजींना, बायांना, पोरांना तिने सांगून ठेवलं की आमची लेक समुद्रातलं मीठ काढते. गावाला तालुक्याचा तलाव सोडला तर दुसरं मोठं पाणी माहीत नाही. पण मीठ सगळ्यांना माहीत आहे.

त्या संध्याकाळी मी नेहमीप्रमाणे फोन लावला. एरवी पहिल्याच रिंगला आई उचलते. त्या दिवशी बाबांनी उचलला. बाबांचं मोटारींच्या रिवाइंडिंगचं दुकान आहे, त्या वेळेला ते दुकानात असतात.

"तुम्ही घरी कसे? आई कुठंय?"

"पडलीय."

"पडली?"

"म्हंजे आडवी पडलीय. परीक्षा झाली ना, माय? झाली म्हण."

मी म्हटलं, नाही झाली, आठ दिवस पुढे गेली. मग बाबा अंगणात गेले असावेत, कारण कुत्रं भुंकलेलं ऐकू आलं, आणि ते खालच्या आवाजात बोलू लागले.

आईने मीठ सोडलं होतं. मी प्रबंध जमा केला त्या दिवसापासून. भाजी अळणी, वरण अळणी, भाकरीच्या पिठात मीठ नाही. दसऱ्याच्या जेवणातही नाही. मला सांगायचं नाही म्हणून बाबांना शपथ घातलेली. माझी परीक्षा झाली की सुटणार होतं. आमच्याकडे दसऱ्यानंतर दिवाळीपर्यंत ऊन मोठं वाईट पडतं, आणि शाळेचं स्वयंपाकघर म्हणजे पत्र्याची खोली. शनिवारी ती चुलीपाशी चक्कर येऊन पडली. सरकारी दवाखान्यात सलाईन लावलं.

"अन् त्या डॉक्टरला इचारती काय, तर यात मीठ असतं का?" बाबा म्हणाले. "तो हसला. म्हणला, मावशी, मिठाचंच पाणी हाये. तवापासून तोंड फुगवून बसली. मग तिनंच ठरवलं, जिभेवरून गेलं तरच धरायचं, सुईनं हातात गेलेलं धरायचं न्हाई."

"पण मीठच का?"

"ते तिलाच इचार."

तिने फोन घेतला. आवाज नेहमीसारखाच होता, थोडा सावकाश.

"तुह्या पाण्यातलं मीठ निघायचंय ना? म्हणून."

मी त्या क्षणी इंजिनिअर झाले, जे व्हायला नको होतं. मी म्हटलं, "आई, पाण्यातलं मीठ कधीच निघालंय. प्रयोग संपला. मी रोज पिते ते पाणीसुद्धा समुद्राचंच आहे."

"ते दुसऱ्यांनी काढलेलं. तू काढलेलं खरं का खोटं, हे कोण सांगणार?"

"परीक्षक."

"मग? त्यांनी सांगितल्यावर खाईन. आणिक आठ दिवस. त्याला काय होतंय?"

मंगळवारी माझी मल्याळी मैत्रीण आली. तिचा जन्म दोहातला, शाळा इथलीच. तिची हिंदी शाळेतली आहे आणि घाई आली की अरबीत उतरते. तिच्याकडे छोटी गाडी आहे. परीक्षा पुढे गेल्याचं कळल्यावर तिने आठवड्याचा बेत ठरवूनच टाकला होता.

"यल्ला, प्रोफेसर. गाडीत बस. आज मंदी."

मुशैरिबमध्ये काचेच्या उंच इमारतींच्या मागच्या अंगाला एक येमेनी खानावळ आहे, तिथे तिने मला नेलं. मंदी म्हणजे परातीएवढ्या थाळीत भात, वर मटणाचा मोठा तुकडा, बाजूला टोमॅटोची पातळ चटणी. मी घास उचलला आणि तो तोंडाजवळ गेल्यावर मला आई दिसली, आडवी पडलेली. मी घास खाली ठेवला. आईचा नवस मोडता येत नसेल तर निदान तिच्या पंगतीला बसता येईल, असं तेव्हा मला वाटलं. आता ते लिहिताना पोरकट वाटतं. तेव्हा तसं वाटलं नाही.

मी वाढप्याला विचारलं, मिठाशिवायचा भात मिळेल का. तो नेपाळी होता. त्याने माझ्याकडे, मग मैत्रिणीकडे पाहिलं.

"बीपी है क्या, मॅडम?"

"आईला नवस आहे," मी म्हटलं.

"आई कुठं आहे?"

"भारतात."

त्याने मान हलवली, म्हणजे समजलं असावं, आणि आत जाऊन एका वाटीत नुसतं दही आणलं. "यात नाही," तो म्हणाला. भाताचं काही होणार नव्हतं, तो सकाळीच शिजलेला असतो. मी दही खाल्लं आणि खजूर खाल्ले. मैत्रीण ती परात एकटीने संपवत गेली आणि मधूनमधून माझ्याकडे बघत राहिली.

"म्हणजे तिकडे तुझी आई उपाशी, इकडे तू उपाशी. परीक्षा कोण देणार? मी?"

"उपाशी नाही. अळणी."

"माझी आजी गुरुवायूरच्या देवळात केळी वाहायची," ती म्हणाली. "तो देव बरा. केळी घेतो, मीठ सोडतो."

मग दोन दिवस मी दोहा पाहिलं. बाईंनी सांगितल्याप्रमाणे फिरले. मुशैरिबच्या ट्राममध्ये बसले, ती गोल फिरून परत तिथेच आणते. मीही परत बसले. समुद्रकाठच्या फरसबंदीवर चालत गेले, वळले, परत आले. मैत्रीण कामावरून सुटली की मला गाडीत घालून कुठेतरी न्यायची, आणि मी गाडीत बसल्या बसल्या मनात उत्तरं म्हणायची आणि ती विसरायची. कुठल्याही ठिकाणी पोचलं की तिथून निघावंसं वाटायचं.

आणि मीठ कुठे नसतं, हे शोधणं हा माझा नवा विषय झाला. खुब्झमध्ये, म्हणजे इथल्या रोटीत, असतं. चीजमध्ये असतं. लबानमध्ये, म्हणजे इथल्या ताकात, घातलेलं असतं. बिस्किटात असतं, हे मी पाकीट उलटं करून वाचलं तेव्हा कळलं. उरला करक चहा, केळी, खजूर, आणि लुकैमात, म्हणजे साखरेच्या पाकातली तळलेली बोंडं. करकच्या टपरीवर गाडी थांबवून हॉर्न वाजवला की कागदी कप खिडकीत येतो. मी दिवसातून चार-पाच वेळा तोच घ्यायची. बुधवारी माझं डोकं जड झालं होतं, आणि जीभ जाड झाल्यासारखी, जणू ती माझी नव्हेच. मला दोनच दिवस झाले होते. आईला किती झाले ते मी मोजायचं टाळत होते.

रोज संध्याकाळी फोन व्हायचा. आई पुन्हा शाळेत जायला लागली होती.

"काय खाल्लंस?"

"चहा, खजूर, केळी."

"जेवण सांग. फराळ नको सांगू."

"दही खाल्लं. तुझी खिचडी कशी झाली?"

"मला कसं कळणार? मी चाखत न्हाई. गुरुजी चाखून सांगतात." आधी गुरुजींनी चाखायची आणि मग पोरांना वाढायची, असा शाळेचा नियमच आहे. "ते म्हणले, बाई, आज मीठ जरा ज्यास्तच झालं. मी म्हणलं, मग पोरांना पाणी पाजा."

हे सांगताना ती हसली. मीही हसले. इतकी वर्षं तिचा हात मिठाला कधी चुकला नव्हता, हे आम्हा दोघींनाही माहीत होतं.

गुरुवारी मैत्रिणीने अर्धी रजा काढली आणि मला उत्तरेला अल थखिराला नेलं. तिथे खारफुटीचं जंगल आहे. वाळवंटातून जाता जाता एकदम हिरवं लागतं, हे मी ऐकलं होतं, पण खरं वाटलं नव्हतं. भाड्याच्या अरुंद होड्या असतात. वल्हं हातात घेऊन आम्ही त्या हिरव्या गल्ल्यांतून शिरलो. पाणी उथळ होतं, तळाशी खेकडे पळताना दिसत होते. भरतीची खूण झाडांच्या खोडांवर उमटलेली होती. त्या आठवड्यात पहिल्यांदाच मला तिथून निघावंसं वाटलं नाही.

एक फांदी अगदी चेहऱ्याजवळ आली. पानांवर काहीतरी चमकत होतं, बारीक, पांढरं. ही झाडं समुद्राचं पाणी पितात आणि नको असलेलं मीठ पानांतून बाहेर टाकतात, हे मी पुस्तकात वाचलं होतं, प्रबंधाच्या प्रस्तावनेत दोन ओळी लिहिल्याही होत्या. प्रत्यक्ष कधी पाहिलं नव्हतं. दोन वर्षं ज्याच्या मागे मी पंप आणि दाबमापक घेऊन लागले होते, ते हे झाड उन्हात उभं राहून करत होतं. मी पान तोडलं आणि जिभेला लावलं.

त्या चवीने माझ्या तोंडाला इतकं पाणी सुटलं की मी डोळे मिटले. आणि मग मला कळलं मी काय केलं.

"झाडाचं पान चाटलंस?" मागच्या होडीतून मैत्रीण ओरडली. "भूक लागली असेल तर सांगायचं ना! शेळी!"

"मी मीठ खाल्लं," मी म्हटलं.

तिला वाटलं मी गंमत करतेय. मी विज्ञान शिकलेली आहे. एका पानाने गावातल्या माणसाच्या अंगात काही कमी-जास्त होत नाही, हे मला शिकवलेलं आहे आणि मी ते मानते. तरीही परत येताना सगळा रस्ता मी घड्याळ बघत होते, फोनची वेळ केव्हा होते म्हणून.

आईने उचलला.

"काय खाल्लंस?"

"चहा आणि केळी. आज मी एक झाड पाहिलं, आई. ते पानातून मीठ टाकतं."

"हं. ऊन हाये का तिकडं?"

"आहे."

थोडं थांबून ती म्हणाली, "आज काय खाल्लंस?"

मी आत्ताच सांगितलं होतं. पुन्हा सांगितलं. तिने पुन्हा "हं" म्हटलं, अगदी तसंच. मग म्हणाली की पायात गोळे येतायत, जरा पडते.

शुक्रवारी सुट्टी असते, आणि त्या शुक्रवारी संध्याकाळी मी दोहाबाहेरच्या उम्म सलाल मोहम्मद गावी मावशीकडे जेवायला जाणार होते. मावशी म्हणजे नात्यातली नव्हे. त्या वसईच्या, इथल्या एका दवाखान्यात नर्स आहेत. पहिल्या वर्षी मला ताप आला होता तेव्हा सुई टोचताना मी "आई गं" म्हणाले, आणि सुई टोचणाऱ्या बाईंनी मास्कमधून म्हटलं, "आई नाही, मी आहे, हात सैल सोड." तेव्हापासून त्या माझ्या मावशी. त्यांचे यजमान रास लफानच्या गॅस कारखान्यात रात्रपाळीत असतात. त्या दिवशी आतल्या खोलीत झोपले होते, म्हणून आम्ही हळू बोलत होतो. मावशींनी फुगे, म्हणजे वसईकडचे आंबवलेल्या पिठाचे गोल वडे, तळले होते, सुरमईचं कालवण केलं होतं. मी ताटासमोर बसले आणि म्हटलं, "मावशी, मी मीठ खात नाही."

मग सगळं सांगावं लागलं. त्यांची मुलगी अकरावीत आहे, तिला मराठी सगळं समजतं, बोलते इंग्रजीत. ती काटा हवेत धरून ऐकत होती.

"सो युअर मॉम इज ऑन स्ट्राइक?"

"गप बस," मावशी म्हणाल्या. पण पानाच्या गोष्टीला त्याही हसल्या. "काय गं, विद्यापीठात हेच शिकवतात का? पान तोडायचं आणि चाटायचं?" मग मी आईने तोच प्रश्न दोनदा विचारल्याचं सांगितलं, तेव्हा त्यांचा चेहरा बदलला. त्यांनी हात पुसले.

"फोन लाव."

"आत्ता? तिकडे तिची झोपायची वेळ."

"लाव म्हटलं ना. पुढच्या वेळी नुसत्या चकरेवर थांबणार नाही हे. अंगातलं मीठ असं खाली गेलं की माणूस बरळतो, झटके येतात. मी बघते रोज. लाव."

मी फोन स्पीकरवर ठेवला. आईने उचलला, आणि परक्या बाईचा आवाज ऐकून तिने पदर सावरला असेल, असं मला वाटलं.

"ताई, मी तुमच्या लेकीची इथली मावशी. वसईची. दवाखान्यात असते."

"बोला बाई. तुमचं नाव रोज निघतं."

"रात्री पायात गोळे येतात का?"

"येतात थोडे. वय झालं."

"डोकं?"

"ते उन्हानं."

"मळमळतं?"

आई म्हणाली, "तुम्ही इथं येऊन गेल्यावानी बोलायल्यात."

"मीठ खा, ताई. आजच खा."

"सोमवारी खाईन."

"आमच्यात पण सोडतात. ईस्टरच्या आधी मी चहा सोडते, माझी सासू मासे सोडायची. मासे! वसईच्या बाईने! पण आजारी माणसाला मुभा असते. देव काय मारायला बसलेला नसतो."

"आमचाबी मोठ्या मनाचाच हाये, बाई. तो काही म्हणत न्हाई. पण बोलले मी ना? तोंडातून गेलेला शब्द कसा गिळू?"

मावशींनी माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाल्या, "तुमची लेकही मंगळवारपासून मीठ खात नाही."

एकदम आईचा आवाज चढला, या आठवड्यात पहिल्यांदा.

"काय? तिला कोणी सांगितलं? परीक्षा तिची हाये का माझी? डोकं चालायला मीठ लागत न्हाई का?"

"तुझं चालतंय का?" मी म्हटलं. "तू खाल्लंस तर मी खाईन."

"मला अट घालू नको. तुझ्यासारख्या दीडशे पोरांना मी रोज जेवू घालते. रुसणाऱ्यांचीबी सवय हाये मला."

मावशींनी मला हाताने गप्प केलं. "शब्द गिळू नका, ताई," त्या हळू म्हणाल्या. "बदलून घ्या. देवाला सांगा, हे परत घेते, त्याच्या जागी ते देते. तेवढंच जड काहीतरी द्या. पण अंगाला बाधणारं नको."

पलीकडे भांडं ठेवल्याचा आवाज आला. बाबांनी काहीतरी विचारलं, तिने त्यांना थांबायला सांगितलं.

"मिठाएवढं लागणारं माझ्याकडं दुसरं काय हाये?" ती म्हणाली. आम्हाला विचारत नव्हती. आणि मग म्हणाली, "तिचा फोन."

मला आधी कळलंच नाही.

"परीक्षा होईपर्यंत फोन करू नको. केलास तरी मी उचलणार न्हाई. झाली की कर. आता काय बोलायचं ते बोलून घे."

मावशींची मुलगी काटा खाली ठेवून माझ्याकडे बघत होती. मला सांगायला किती गोष्टी होत्या, ट्राम, ते पान, तो नेपाळी वाढपी. एकही तोंडाशी येईना.

"मीठ घे ताटात," मी म्हटलं.

"तूबी," आई म्हणाली. आणि फोन ठेवला.

मावशींनी माझ्या ताटात कालवण वाढलं. पहिल्या घासाला मला काही चव लागली नाही. दुसऱ्याला लागली. मग मी इतकं खाल्लं की मावशींना आणखी फुगे तळावे लागले. मला लाज वाटत होती, आणि मी खात होते.

परत येताना बाबांनी फोटो पाठवला. स्टीलचं ताट, भाकरी, वरण, मिरचीचा ठेचा, आणि वरच्या कडेला, जिथे ती वाढायची पद्धत आहे तिथेच, मिठाची चिमूट. खाली त्यांनी लिहिलं होतं: खाल्लं. फोटोच्या कोपऱ्यात आईचा हात आला होता, हिरव्या बांगड्यांपर्यंत.

शनिवारी मैत्रीण मला सूक वाकिफला घेऊन गेली. तिथे एक बाई तव्यावर पापडासारखे पातळ रगाग करतात, वर चीज आणि अंडं फासून देतात. चीज खारट होतं, मी दोन मागून खाल्ले. मैत्रीण म्हणाली, "प्रोफेसर परत आली." पण फोनच्या वेळेला माझा हात आपोआप पिशवीत गेला, आणि मी तो बाहेर काढला तेव्हा ती बघत होती. बाजारात गर्दी होती, मसाल्यांचे ढीग, पिंजऱ्यातले पक्षी, बाहेर हुक्का फुंकत बसलेले म्हातारे. मी सगळ्यांच्या मधून भराभर चालत होते. दोन वर्षांत आईशी एकही संध्याकाळ न बोलता गेली नव्हती. या काळात मी किती कमी सांगितलं आणि ती किती कमी विचारायची, एवढंच मला आठवत राहिलं. काय खाल्लंस. मी त्याचं उत्तर नेहमी घाईत दिलं होतं.

रविवारी बाबांचा पुन्हा फोटो. ताट, मीठ. "गोळे थांबले," त्यांनी लिहिलं. "गुरुजी म्हणले, काल खिचडी झ्याक." मी तो निरोप कितीदा वाचला ते सांगत नाही. मावशींना पुढे पाठवला. त्यांनी उत्तरात फक्त अंगठा पाठवला, त्या ड्यूटीवर होत्या.

सोमवारी मी तेच इस्त्रीचे कपडे घालून तिथेच उभी राहिले. परीक्षक आले, बारीक अंगाचे, अजून खोकत. त्यांनी आधी माझी माफी मागितली, मला ते अपेक्षित नव्हतं. मग प्रश्न सुरू झाले. मध्येच त्यांनी विचारलं, पडद्यामागे जे मीठ उरतं त्याचं काय होतं, आणि मी पुस्तकातलं उत्तर देता देता खारफुटीबद्दल बोलू लागले, पानाबद्दल, चव घेतल्याबद्दलसुद्धा. बाईंनी कपाळाला हात लावला. परीक्षक हसले आणि त्यांना खोकल्याची उबळ आली. मला बाहेर थांबायला सांगितलं. थोड्या वेळाने आत बोलावलं. झालं होतं.

मी कॉरिडॉरमध्ये येऊन फोन लावला. पहिल्या रिंगला उचलला गेला. कुणीच बोललं नाही. पत्र्याच्या खोलीत आवाज घुमतो, ते मला ओळखू आलं. भांडी, कुठेतरी पाण्याचा नळ, लांबून पोरांचा पाढे म्हणण्याचा सूर.

"पास झाले, आई."

"थांब," ती म्हणाली. "खिचडीला आधण आलंय. मीठ टाकायचंय."

फोन कुठेतरी ठेवल्याचा आवाज आला. मग डाव मोठ्या पातेल्याच्या कडेला आपटला, आणि थोडा वेळ काहीच ऐकू आलं नाही. ती चाखून बघत असावी. मी भिंतीला पाठ लावून उभी राहिले. समोरून बाई येत होत्या. फोन कानाला दिसल्यावर त्या थांबल्या आणि मागे वळून गेल्या.

"हं," आई म्हणाली. आवाज जवळ आला होता. "आता सांग. मंगळवारपासून सांग. काय काय खाल्लंस?"